बार्शी लाइट सोडून कोलोरॅडो का?

ठाणे,
कोजागिरीचा दुसरा दिवस

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणालात, "कुर्डूवाडीत जन्मलीस, बार्शी लाइट रेल्वेच्या शिट्टीवर उठलीस, आणि आता घरात मॉडेल बांधतेयस ते अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या रेल्वेचं?" मी काही बोलायच्या आत आईनं फोन घेतला आणि छोट्या खोलीत गाडी मांडलीस तर आम्ही यायचं कुठं, असं विचारलं. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण फोनवर उत्तर द्यायला गेलं की बाबांना नीट ऐकू येत नाही आणि आईला ऐकून घ्यायचं नसतं, म्हणून लिहायला बसले.

आधी आईचं. पलंग जागचा हललेला नाही. गाडी त्याच्या वर आहे, जमिनीपासून साडेचार फुटांवर, भिंतीला ब्रॅकेट मारून त्यावर प्लायची फळी टाकली आहे. खिडकीच्या भिंतीला दहा फूट, मग कोपऱ्यात वळून दाराकडच्या भिंतीला सहा फूट, रुंदी दोन फूट. पलंगावर उठून बसलीस तरी डोकं लागत नाही, मी स्वतः बसून बघितलंय. रात्री गाडी चालवायची नाही अशी मुक्ताला ताकीद आहे. तिच्या बाबाला, अजयला, जास्त ताकीद द्यावी लागते.

आता बाबा, तुमचं. आकडे काढूनच सांगते, म्हणजे तुम्हाला वाद घालायला बरं.

मी जे प्रमाण घेतलंय ते १:४८. खरी वस्तू अठ्ठेचाळीस फूट असेल तर माझी एक फूट. रूळ मात्र एचओ नावाच्या, जगात सगळीकडे मिळणाऱ्या मॉडेल रेल्वेचेच वापरायचे. त्यांच्या दोन रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. १६.५ गुणिले ४८ करा. ७९२ येतात. बार्शी लाइटचं गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, अडीच फूट होतं, म्हणजे ७६२. फरक तीन सेंटिमीटरचा, मॉडेलमध्ये तो अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जेमतेम जास्त. या पद्धतीला ओ-एन-थर्टी म्हणतात, त्यातले थर्टी म्हणजे तीस इंच, आपलेच. कोलोरॅडोतल्या खऱ्या लाइनी तीन फुटी होत्या, ९१४ मिलिमीटरच्या. म्हणजे फूटपट्टी लावली तर माझी लाइन कोलोरॅडोपेक्षा बार्शीलाच जवळची आहे. रंगरंगोटी तेवढी तिकडची.

मग सरळ बार्शीच का नाही? एक तर इंजिन. कॅलथ्रॉपसाहेबानं १८९७ला लाइन सुरू केली तेव्हा लीड्सच्या किटसन कारखान्यातून आणलेली ती आठ मोठ्या चाकांची आणि मागे चार छोट्या चाकांची टँक इंजिनं कुठल्याही दुकानात मिळत नाहीत. ती मुळापासून घडवावी लागतील आणि माझा हात अजून तेवढा बसलेला नाही. अमेरिकन नॅरोगेजचं इंजिन बाखमन कंपनी तयार देते. माझं मोगल जातीचं आहे, २-६-०, म्हणजे पुढं दोन छोटी चाकं आणि मग सहा मोठी, अजयच्या मित्रानं न्यू जर्सीहून येताना कपड्यांत गुंडाळून आणलं. (कॅलथ्रॉप पुढं विमानातून उडी मारायचं पॅराशूट तयार करण्यात गुंतला होता, हे तुम्हाला ठाऊक होतं का? मला आत्ता कळलं. रेल्वेचा माणूस आणि छत्री!)

दुसरं कारण जमिनीचं. आपली लाइन माळावरून सरळ जाणारी. कुर्डूवाडी ते बार्शी साधारण ३५ किलोमीटर धरा. ४८नं भागलं तरी पाऊण किलोमीटर उरतं. तेवढी लाइन टाकायची तर सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडून सिग्नल ओलांडून जावं लागेल. डोंगरातली लाइन मात्र लबाडीला सोयीची. गाडी वळणाआड जाते, बोगद्यात शिरते, पुन्हा थोडी वर निघते, आणि सोळा फुटांच्या फळीवर बघणाऱ्याला वाटतं की बरंच अंतर कापलं. कोलोरॅडोत तीन फुटी गेज घेतलं तेही डोंगरासाठीच: कडा कमी फोडावा लागतो, वळण आवळून घेता येतं, पैसे वाचतात. ड्युरँगो ते सिल्व्हर्टन ही ४५ मैलांची लाइन १८८२ला पुरी झाली ती अशी नदीच्या घळीतून, कड्याला चिकटून. ती आजही पर्यटकांसाठी चालते. चामाहून कंब्रेस खिंडीकडे चढणारी दुसरी लाइन १०,०१५ फुटांवर जाते, चढ चार टक्के, म्हणजे १:२५.

माथेरान का नाही, हेही तुम्ही विचारणार. तिथला चढ तर त्याहून कडक, १:२०. पण अडचण तीच, इंजिन तयार मिळत नाही.

माझ्याकडे खालच्या यार्डापासून कोपऱ्यापर्यंत सहा फुटांचा चढ १:२५नं घेतलाय, म्हणजे गाडी जवळपास तीन इंच वर जाते. कागदावर हे काहीच वाटत नाही. प्रत्यक्षात मोगल चार डबे ओढतं, आणि पाचवा लावला की चाकं जागच्या जागी फिरतात. त्या वेळी मला चाकं घसरू नयेत म्हणून रुळांवर वाळू सोडणाऱ्या इंजिनावरच्या डब्यांबद्दलचं तुमचं बोलणं आठवतं. इथं वाळू चालत नाही, मोटरीत जाते.

वरच्या टोकाला चांदीच्या खाणीचं गाव आहे आणि त्याचा मुंबईशी संबंध आहे, हे वाचून मी उडालेच. तेव्हा आपल्याकडे कुणीही चांदी टांकसाळीत नेऊन द्यायची आणि तिचे रुपये पाडून घ्यायचे, अशी सोय होती. १८९३च्या जूनमध्ये इंग्रज सरकारनं ती बंद केली. मुंबईच्या टांकसाळीचे दरवाजेही चांदीला बंद झाले. एवढं मोठं गिऱ्हाईक गेल्यावर भाव कोसळला आणि तिकडे कोलोरॅडोतल्या खाणी धडाधड बंद पडल्या. उरलंसुरलं नोव्हेंबरात संपलं, अमेरिकी सरकारनंच चांदी विकत घेण्याचा कायदा रद्द केला. रिओ ग्रँड सदर्न नावाची १६२ मैलांची लाइन १८९१च्या शेवटी कुठं पुरी झाली होती, ती चांदीच्या जिवावरच उभी होती. दोन वर्षांच्या आत कंपनी कर्जात बुडाली. तरी लाइन पुढची साठेक वर्षं रखडत का होईना चालली. मी करतेय ती हीच, म्हणजे तिच्यावरून स्फूर्ती घेतलेली. गावाचं नाव मुक्तानं ठेवलंय, ते तुम्ही आल्यावर वाचा.

ती लाइन चालली कशी, हे तर तुमच्या वर्कशॉपमधल्या सगळ्या फिटर लोकांना ऐकवायला पाहिजे. १९३१ साली प्रवासी जवळजवळ नव्हते, वाफेची गाडी काढायला परवडत नव्हतं, पण टपालाचं कंत्राट टिकवायचं होतं. रिजवे गावच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी मोटारी फोडल्या. ब्यूक, पिअर्स-ॲरो अशा चांगल्या थोरामोठ्यांच्या गाड्यांची बॉडी घेतली, खाली रेल्वेची चाकं लावली, मागे टपाल आणि सामानासाठी एक मोठा डबा जोडला. पुढून मोटार, मागून मालगाडी. त्यांना गॅलपिंग गूज म्हणायचे. फोटो पाठवते, पाहिल्याबरोबर तुम्ही म्हणाल की हे आपल्याच कुणीतरी केलंय. मला एक करायची आहे. मुक्ताच्या खेळण्यातल्या एका जुन्या मोटारीचं बोनेट अगदी मापात बसतंय, पण ती अजून द्यायला तयार नाही.

तुम्हाला सगळ्यात आवडेल ते कपलिंग, म्हणजे डबे जोडायची कडी. अमेरिकन डब्यांना असतं तसंच, मूठ वळवल्यासारखं. मोठ्या लाइनच्या वॅगनला तुम्ही सीबीसी, सेंटर बफर कपलर, म्हणता त्याचंच छोटं रूप, माझ्या करंगळीच्या नखाएवढं. त्याच्या खाली एक बारीक वाकडी तार लोंबते. रुळांच्या मध्ये मी एक लोहचुंबक पुरलाय, खडीखाली दिसतही नाही. गाडी त्यावर आणून थांबवायची आणि केसभर मागे घ्यायची, म्हणजे कपलिंगवरचा ताण सुटतो. तशी तार चुंबकाच्या ओढीनं बाजूला सरकते आणि मूठ उघडते. मग इंजिन एकटंच पुढं निघून जातं, सांधा बदलून बाजूच्या लाइननं मागे येतं आणि दुसऱ्या टोकाला लागतं. हात कुठंही लावायचा नाही. ताण सुटला नाही तर काही केल्या उघडत नाही, आणि घाईनं मागे घेतलं तर पुन्हा जुळतं. माझ्या गाडीला गोल फेरी नाही, इकडून तिकडे जायचं आणि शंटिंग करायचं, एवढंच. लोकांना वाटतं मजा धावण्यात आहे. धावणं दहा सेकंदांत संपतं, शंटिंगला संध्याकाळ पुरत नाही.

पावसाळ्याची काळजी तुम्ही केली होती. ठाण्याची हवा आपल्याकडच्यासारखी कोरडी नाही, जुलैत भिंतीसुद्धा ओल्या लागतात. रुळापेक्षा खालचं लाकूडच जास्त फुगतं-आकसतं. म्हणून प्लाय दोन्ही अंगांनी आणि कडांनाही ऑइलपेंट मारून घेतला, आणि रुळांच्या सांध्यात पोस्टकार्डाच्या जाडीची फट सोडली. फट सोडायची हे तुमच्याकडून ऐकलेलं, गँगमनच्या गोष्टी सांगायचात त्यातलं. रूळ निकेल सिल्व्हरचे आहेत, त्यामुळे गंजत नाहीत, पण मळतात. पुसत राहावं लागतं, नाहीतर चाकाला करंट पोचत नाही आणि गाडी उचक्या देत चालते.

आई, डोंगर तुझे आहेत. थर्माकोल आता सजावटीला चालत नाही आणि तसाही मला आवडत नाही. पुठ्ठ्याच्या पट्ट्या विणून सांगाडा केला आणि त्यावर पीओपीत बुडवलेलं सुती कापड पसरलं. हे कापड म्हणजे तू गोधडीसाठी दिलेली ती विटकी हिरवी साडी. रागावू नकोस, काठ जपून ठेवलेत.

झाडांसाठी मात्र तूच हवीस. तिकडे सगळी सूचिपर्णी झाडं, उंच आणि निमुळती. सुतळीचे दीड-दोन इंचांचे तुकडे करून पिंजायचे, दोन बारीक तारांच्या मध्ये दाट पसरायचे आणि तारा पिळायच्या. पिळल्या की तंतू चारी बाजूंनी ताठ उभे राहतात. मग कात्रीनं वर निमुळतं कापायचं आणि गडद हिरव्या रंगात बुडवायचं. पीळ सारखा पडला नाही तर झाड एका अंगाला टकलं दिसतं. तू समईच्या वाती वळतेस तो हात इथं पाहिजे; माझी झाडं मधुमेहानं वाळल्यासारखी दिसतात. सगळा उतार भरायचा आहे, त्यामुळे दुपारी कंटाळा येतो ही तुझी तक्रार या वेळी चालणार नाही.

बाबा, तुमच्याकडून मला इंजिन शेड हवी आहे. बाहेरून ती अमेरिकन लाकडी फळ्यांचीच राहील, पण आतलं मला कोणी सांगत नाही. फोटोत सगळे लोक इंजिनापुढं उभे असतात, मागे काय आहे ते दिसत नाही. राखेचा खड्डा पाण्याच्या नळाच्या अलीकडे की पलीकडे? हत्यारांचं टेबल उजेडाच्या बाजूला की भिंतीकडे? जमीन तेलानं काळी पडायची की राखेनं करडी? धुरानं छत कुठपर्यंत काळं व्हायचं? रेघा मारून एका कागदावर काढून ठेवा. आणि बार्शीच्या डब्याची लांबी-रुंदी आठवत असेल तीही लिहा, कारण रूळ बदलावे लागणार नाहीत. कोलोरॅडोवर हात बसला की याच फळीवर आपला डबा चालवता येईल. तो मात्र चुकलेला मला चालणार नाही, आणि चूक पकडणारा माणूस घरात असलेला बरा.

तुळशीच्या लग्नानंतर या. सिद्धेश्वर एक्सप्रेसचं तिकीट मी इथूनच काढते, आईला खालचा बर्थ बघते, अजय कल्याणला घ्यायला येईल. येताना स्टीलची ती जुनी पट्टी आणा, इंचाचे चौसष्ट भाग असलेली. इथल्या पट्ट्यांवर बत्तिसाच्या पुढं काही नसतं. शेंगदाण्याची चटणी आणायला सांगत नाही, ती येणारच.

तुमची,
मंजू