पोट्ट्यांचा पायथॉन मोबाईलवर कधी येणार?

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

आमच्या तालुक्यातले बीसीए, बीएस्सीचे पोट्टे पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतात, चांगलं शिकतात, पण प्रॅक्टिकलला काळ्या स्क्रीनवर आकडा टाकला, उत्तर आलं, सरांची सही झाली की तो प्रोग्राम कॉलेजच्या कॉम्प्युटरवरच पडून राहते. काहून तर गावात तो चालवायचा कशावर? लॅपटॉप दोन-चार घरी, मोबाईल मात्र सगळ्यांच्या खिशात. म्हणून माझं म्हणणं आहे का प्रोजेक्टचे मार्क तेव्हाच द्या जेव्हा तो मोबाईलवर अ‍ॅप म्हणून चालून दाखवला जाईल.

उदाहरण सांगतो. आमच्या कॉम्प्युटर क्लासवरच्या एका पोराने कापसाचा हिशोब केला. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्याच्यावर १२ पर्यंत दर टक्क्यामागे भाव १ टक्का कमी, १२ च्या वर गेला तर माल घेतच नाहीत. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव ८११० रुपये, म्हणजे ओलावा ११ निघाला तर क्विंटलमागे २४३ रुपये ३० पैसे कटले. हे कास्तकाराला काट्यावर उभं असतानाच समजलं पाहिजे ना, घरी येऊन पावती पाहून काय फायदा.

आता एवढासा प्रोग्राम, पण अँड्रॉइड मोबाईलमध्ये पायथॉन मुळात नसतोच, म्हणून आख्खा इंटरप्रिटर (पायथॉन चालवणारा प्रोग्राम) एपीकेच्या, म्हणजे अ‍ॅपच्या इन्स्टॉल फाईलच्या, आत भरावा लागते आणि वीस ओळींचं अ‍ॅप कितीतरी एमबीचं होते. नेटवर पाहून पोट्टे बहुतेक किवी (पायथॉनमध्ये अ‍ॅपचा स्क्रीन बनवायचं साधन) आणि बिल्डोझर (त्याची एपीके बनवणारं साधन) यांच्या मागं लागतात. बिल्डोझर विंडोजवर सरळ चालत नाही, लिनक्स पाहिजे, वरून पहिल्यांदा एसडीके-एनडीके असं अँड्रॉइड अ‍ॅप बनवायचं सामान जीबीच्या हिशोबात डाउनलोड करते, आणि इकडं मधातच लाईन जाते नाहीतर दिवसाचा डेटा संपते. एवढं करून अ‍ॅप उघडलं तर मराठीच्या जागी चौकोन, कारण किवीच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. देवनागरी फॉन्ट टाकला तर ‘कापूस’ बरोबर दिसते, पण ‘क्विंटल’ मध्ये क चा पाय मोडलेला आणि पहिली वेलांटी व ला सोडून ट ला जाऊन चिकटलेली! अक्षरं जोडायचं काम किवी आपोआप करत नाही. मग पोरगं वैतागून सगळं इंग्रजीत करते आणि त्याचा बापच ते अ‍ॅप वापरत नाही.

याच्यापेक्षा बीवेअर नावाच्या प्रोजेक्टचं ब्रीफकेस (हेही पायथॉनची एपीके बनवते) बरं, ते विंडोजवर चालते, आणि त्याच्या जोडीचं, स्क्रीन बनवायचं टोगा मोबाईलचेच बटणं-खाने वापरते त्यामुळं मराठी जशीच्या तशी दिसते. डाउनलोड यालाही आहेच, पण कॉलेजच्या लॅबमध्ये एकदा करून ठेवलं की झालं. पायथॉनवाल्यांनीही २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ पासून अँड्रॉइड आणि आयफोनला अधिकृत सपोर्ट दिला आहे, म्हणजे हा काही जुगाड राहिला नाही, शिकवायला हरकत नाही.

राहिला प्रश्न वाटायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके पाठवू नका, चलानच्या नावानं येणाऱ्या खोट्या एपीकेनं लोकांचे खाते खाली झाले, आता कोणी उघडत नाही आणि उघडूही नये. प्ले स्टोअरवर टाकायचं तर एकदाच २५ डॉलर, आणि नवीन वैयक्तिक खातं असल तर आधी १२ जणांनी सलग १४ दिवस टेस्टिंगमध्ये राहावं लागते. एकट्या पोराला २५ डॉलर जड जातात, पण कॉलेजनं आपल्या नावानं एकच खातं काढलं तर दरवर्षीच्या पोट्ट्यांचे चांगले अ‍ॅप तिथून निघतील, आणि कॉलेजचं नाव पाहून लोकही इन्स्टॉल करतील. यंदाच्या प्रोजेक्टच्या याद्या लागायच्या आत प्राचार्य लोकांनी एवढं मनावर घ्यावं.

आपला वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ