निवाऱ्यानंतर पुढं काय? खोली द्या, आणि खोलीसोबत माणूसही द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की आपल्या पेपरात दरवर्षी बातमी येते की अमक्यांनी बसस्टँडवर, रेल्वे स्टेशनवर झोपणाऱ्यांना ब्लँकेट वाटले. वाटणाऱ्यांचं भलं होवो, थंडीत ब्लँकेट लागतंच. नंतर कधीतरी बेघरांसाठीच्या मनपाच्या निवाऱ्याची बातमी येते, तीपण चांगलीच. पण निवाऱ्यात गेलेला माणूस तिथून पुढं कुठं जातो, ही बातमी मी आजपर्यंत वाचली नाही, आणि मला आज त्याच्यावरच लिहायचंय.

मी लातूरला राहते, घराच्या खोल्या भाड्यानं देते आणि मेस चालवते. नीटची तयारी करणारी, अकरावी-बारावीची पोरंपोरी, कोण नांदेडकडून कोण बीडकडून कोण पार विदर्भातून आलेली. आमच्या गल्लीत असं घर नाही ज्यानं एखादी खोली काढली नाही. लातूर पॅटर्न म्हणून सगळा महाराष्ट्र क्लासेसचं कौतुक करतो पण त्याच्यामागं या खोल्या न् मेस आहेत हे कोणी बोलत नाही. पंधरा-सोळा वर्षाचं अनोळखी लेकरू येतं, त्याला खोली द्यायची, दोन टाइम डबा द्यायचा, ताप आला तर दवाखान्यात न्यायचं, रात्री उशीर झाला तर कुठं होतास म्हणून विचारायचं, दोन दिवस जेवलं नाही तर आईला फोन लावायचा. हे कोणी आम्हाला ट्रेनिंग देऊन शिकवलं नाही, करत करत सगळ्या शहराला येऊन गेलं. माझं म्हणणं एवढंच आहे की रस्त्यावरून उठून परत संसाराला लागू पाहणाऱ्या माणसालाही नेमकं हेच लागतं, आणि आपल्याकडं ते देण्याची सवय आहे, फक्त त्यांच्यासाठी कोणी मागितलं नाही.

निवाऱ्याचं आधी सांगते. सुप्रीम कोर्टानं 2010 साली सांगितलं की मोठ्या शहरांनी दर लाख लोकसंख्येमागं एक निवारा काढायचा, आणि तो बारा महिने चोवीस तास चालू ठेवायचा, फक्त हिवाळ्यापुरता नाही. पुढं 2013 ला राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं त्यातही लाखाला एक, शंभर माणसांची सोय, माणशी 50 चौरस फूट जागा असं माप धरलं. 2011 च्या जनगणनेत आमच्या लातूरची लोकसंख्या 3 लाख 82 हजार होती, म्हणजे तेव्हाच्याच हिशोबानं तीन-चार निवारे व्हायला पाहिजेत, आता तर शहर कुठल्या कुठं गेलंय. त्याच जनगणनेत देशात 17 लाख 73 हजार बेघर मोजले, आणि पुलाखाली, दुकानाच्या पायरीवर झोपणारा माणूस मोजणाऱ्याच्या हाती किती लागला असेल हे आपण समजू शकतो.

निवारे वाढले पाहिजेत यात दुमत नाही. पण निवारा म्हणजे मुक्काम. तिथं स्वतःची चूल नसते, स्वतःचं कुलूप नसतं, शेजारचा रात्रभर खोकतो, कोणाचं सामान जातं, त्याच्यावरून भांडणं होतात, आणि मग वैतागून माणूस परत स्टँडवर जाऊन झोपतो आणि आपण म्हणतो की यांना सवयच लागलीय, यांना घर नकोच असतं. हे वाक्य मी लई लोकांच्या तोंडून ऐकलंय, चांगल्या शिकलेल्यांच्या सुद्धा. मला ते अजिबात पटत नाही आणि का पटत नाही ते सांगते.

आमच्या मेसवर भांडी घासायला एक मावशी यायच्या. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. नवरा गेल्यावर दीर-जावांनी बाहेर काढलं, मग ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेल्या, तिकडं हात मोडला, नंतर किती वर्षं स्टँडच्या आसपास काढली त्यांनाच आठवत नाही. मागच्या बाजूला एक लहान खोली रिकामी होती ती मी त्यांना दिली. पहिले कितीतरी दिवस त्या आत झोपल्याच नाहीत, दाराबाहेर पोतं टाकून झोपायच्या, विचारलं तर म्हणायच्या, "आत जीव गुदमरायलाय माय." आणि ते खरंच होतं, इतकी वर्षं एक डोळा उघडा ठेवून झोपलेल्या बाईला बंद दाराची भीती वाटणारच. भाकरी कपड्यात बांधून उशाखाली ठेवायच्या, मुंग्या यायच्या, उंदीर यायचे, वरच्या पोरींनी कटकट केली. शेजारच्यांनी मला येऊन विचारलं की कुठून आणलीस हिला, काही झालं तर जबाबदार कोण.

हळूहळू जमलं. पण कशानं जमलं ते महत्त्वाचं आहे. नुसत्या खोलीनं नाही. सरकारी दवाखान्यात एक ताई होती, तिनं त्यांच्या बीपीच्या गोळ्या चालू केल्या आणि गोळ्या संपायच्या आधी फोन करून आठवण द्यायला लागली. आधारसाठी पत्ता नव्हता, कोणाचं तरी प्रमाणपत्र जोडून ते झालं, आधार झालं म्हणून बँकेत खातं निघालं, खातं निघालं म्हणून संजय गांधी निराधारचा अर्ज भरता आला. एकाला एक जोडलेलं असतं हे सगळं, आणि या साखळीची पहिली कडी म्हणजे पत्ता, जो रस्त्यावरच्या माणसाकडं नसतो. त्या अर्जापायी एका कार्यालयात खेटे घालून घालून मावशी म्हणाल्या नको ते पैसे, तेव्हा ती दवाखान्याची ताई स्वतः सुट्टी काढून सोबत गेली. ती गेली नसती तर मावशी परत स्टँडवर गेल्या असत्या असं मला आजही वाटतं.

आता खोलीमालक म्हणून बोलते, कारण ही बाजू कोणी लिहीत नाही. आम्ही बेघर माणसाला खोली का देत नाही? सगळेच काही दुष्ट नाहीत. भाडं थकलं तर कोणाला विचारायचं, डिपॉझिट तर नसतंच. पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती द्यावी लागते, कागद नसले तर काय भरायचं. डोक्याचा आजार असला आणि रात्री बेरात्री आरडाओरडा झाला तर कोणाला बोलवायचं. आणि सगळ्यात मोठी भीती, जी कोणी तोंडानं बोलत नाही, की माणूस खोलीतच वारला तर उचलायला कोण येणार. या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एकच आहे की मालकाच्या मागं कोणीतरी उभं पाहिजे. अकरा महिन्याचा भाडेकरार मनपानं नाहीतर संस्थेनं स्वतःच्या नावानं करावा, भाडं त्यांनी थेट भरावं, राहणाऱ्याकडून जमेल तेवढा वाटा त्यांनी घ्यावा, आणि मालकाकडं एक फोन नंबर असावा जो रात्री सुद्धा उचलला जातो. एवढं असलं तर आमच्या गल्लीत चार घरं तरी तयार होतील, मी विचारून पाहिलंय.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. माझी मुलगी एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याचं शिक्षण करतीय तिच्यामुळं मला वाचायला मिळालं. अमेरिकेत न्यूयॉर्कला 1992 मध्ये सॅम त्सेम्बेरिस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं उलटं करून दाखवलं. तोवर नियम असा की आधी दारू सोडा, आधी गोळ्या घ्या, आधी नीट वागून दाखवा, मग घर. त्यांनी सांगितलं आधी घर द्या, अट घालू नका, आणि मदत करणारी माणसं त्याच्या दारात पाठवा. हाऊसिंग फर्स्ट म्हणतात त्याला. फिनलंडनं 2008 पासून देशभर हे धोरण धरलं, हेलसिंकीतले मोठमोठे निवारे पाडून-बदलून त्यांचे छोटे फ्लॅट केले, आणि तिथल्या वाय फाउंडेशनसारख्या संस्थेनं साध्या बिल्डिंगमधले फ्लॅट घेऊन ते या लोकांना भाड्यानं दिले, म्हणजे मी वर म्हणाले तेच. तिथले बेघर निम्म्यापेक्षा कमी झाले. आता अलीकडं घरभाड्याची सरकारी मदत कापली तर आकडा परत वर गेला, ते पण सांगायला पाहिजे, कारण त्यातून कळतं की मदत मधेच काढून घ्यायची नसते. कॅनडात 2009 पासून पाच शहरांत मानसिक आजार असलेल्या दोन हजारावर बेघर माणसांवर हे तपासून पाहिलं, दोन वर्षांत घर आधी मिळालेल्यांचा 73 टक्के वेळ पक्क्या घरात गेला, नेहमीच्या पद्धतीवाल्यांचा 32 टक्के. मानसिक आजार मात्र दोन्हीकडं जवळपास सारखाच सुधारला. म्हणजे घरानं आजार बरा होत नाही, पण आजारी माणूस रस्त्यावर राहत नाही. मला तर तेवढंही लई वाटतं.

आणि परदेशाचं कशाला, आपल्याच देशात चेन्नईची द बनियान ही 1993 ला सुरू झालेली संस्था आहे. त्यांनी 2015 पासून होम अगेन काढलं. मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बायका, ज्यांना घरचे न्यायला येत नाहीत, अशा चार-पाच जणी मिळून गावातल्या साध्या भाड्याच्या घरात राहतात, सोबतीला एक मदतनीस बाई. स्वयंपाक करतात, बाजारात जातात, शेजारणीशी बोलतात. नंतर ते आपल्या रत्नागिरीलाही सुरू झालं. आपल्याकडं 2017 चा मानसिक आरोग्य कायदा आहे, त्याच्या कलम 19 मध्ये स्पष्ट लिहिलंय की घर नाही किंवा घरचे घेत नाहीत एवढ्याच कारणावरून कोणाला दवाखान्यात ठेवून घेता येणार नाही, सरकारनं समाजात राहण्याची सोय करावी. पण राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात त्यातलं एक पण नाही, मग दवाखान्यातून बाहेर पडल्यावर राहायची सोय तरी कुठून असणार. तुळजापूर, परळी, औंढा, नांदेडचा गुरुद्वारा, जिथं पोटाला मिळतं तिथं ही माणसं जाऊन थांबतात.

मराठवाड्याला घर देण्याचा अनुभव नाही असं कोणी म्हणू नये. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला, जवळपास दहा हजार माणसं गेली, 50 च्या वर गावं नव्या जागेवर वसवली. घरं पक्की मिळाली, ते मोठंच काम होतं. पण रांगेत घरं, शेत लांब, जुना शेजार मोडला, आणि कितीतरी म्हातारे नव्या घरात सामान ठेवून बाहेर पत्र्याखाली झोपायचे. माझ्या माहेरकडच्या लोकांनी हे भोगलंय. म्हणून शहराबाहेर एक मोठी बेघर कॉलनी बांधून सगळ्यांना तिकडं नेऊन सोडायचं असं कोणी सुचवलं तर कृपया करू नका. चालू वस्तीत, एका गल्लीत एक-दोन खोल्या, जिथून दवाखाना, किराणा, काम सगळं पायी जवळ आहे, असंच पाहिजे.

पैशाचं बोलू. आमच्याकडं साधी खोली अडीच-तीन हजाराला जाते, डबा वेगळा. संजय गांधी योजनेचे मावशींसारख्या निराधाराला महिन्याला दीड हजार, ते पण वेळेवर आले तर. म्हणजे भाड्यातच फरक पडतो, तो फरक कोणीतरी भरल्याशिवाय हे होणार नाही. प्रधानमंत्री आवास शहरी 2.0 मध्ये भाड्याच्या घरांचा भाग ठेवलाय, त्यात बेघर आणि निराधार यांचाही उल्लेख आहे, पण आमच्याकडं आवास योजना म्हटलं की सगळी चर्चा स्वतःच्या नावावरच्या घराची. मनपानं, जिल्हाधिकारी साहेबांनी याच्यातून वीस खोल्या तरी भाड्यानं घेऊन सुरुवात करावी. दहा माणसांमागं एक कार्यकर्ता ठेवावा, त्याला पगार व्यवस्थित द्यावा, सहा-सहा महिन्याच्या कंत्राटावर नको, कारण मावशींसारख्या माणसाचा विश्वास बसायलाच सहा महिने जातात. आणि आधी दारू सोड मग चावी देतो ही अट घालू नये. दारू पिणारे भाडेकरू आम्ही खोलीवाल्यांनी पाहिलेत, चांगल्या घरातले पाहिलेत, त्यांना कोणी रस्त्यावर काढत नाही.

माझ्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या मी यासाठी द्यायला तयार आहे, बाजारभावापेक्षा कमी भाड्यात, डबा मेसमधूनच जाईल. करार संस्थेच्या नावानं पाहिजे आणि फोन उचलणारा माणूस पाहिजे, बाकी माझी अट नाही. फक्त जूनच्या आधी कळवावं, कारण जूनला अ‍ॅडमिशन सुरू झाल्या की पोरांचे आईबाप खोल्या बघायला येतात आणि मग कोणालाच नाही म्हणता येत नाही.

आपली नियमित वाचक,
एक मेसवाली, लातूर