रंग कातडीला, शुद्धी बोलीला

महोदय,

गेल्या महिन्यात मुलीच्या नृत्यवर्गाचं गॅदरिंग झालं. मेकअपच्या खोलीत तिच्या मैत्रिणीच्या चेहऱ्यावर पॅनकेकचे तीन थर चढवले. मान सावळीच राहिली. फोटोत चेहरा एकीचा, गळा दुसरीचा! ‘लाइटमध्ये उठून दिसायला हवं ना,’ असं बाई म्हणाल्या. राधा कोण होणार, हे तर गोरेपण बघून आधीच ठरलं होतं. (कृष्ण सावळा, पण त्याला निळा रंग फासला की भागतं.)

बोलीचंही तेच. अभिनय शिबिरात भंडारा-गडचिरोलीचं पोरगं ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हणालं की हशा पिकतो, ‘आधी शुद्ध बोल’ ऐकावं लागतं. नोकराची भूमिका आली की मात्र तीच बोली हवी असते. गडचिरोलीतल्या वडसा भागातल्या झाडीपट्टीच्या (म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याच्या) नाटक मंडळ्या दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटकं करतात, लोक तिकीट काढून बघतात. तिथले नट परशुराम खुणे २०२३ मध्ये पद्मश्री झाले. दंडार, खडी गंमत ही तिकडची लोकनाट्यं नागपूरच्या किती वर्गांत शिकवतात? निदान झाडीपट्टीच्या एखाद्या जाणत्या नटाला आठवडाभर बोलवा. हात-पाय नि आवाज कसा लावतात ते शहरी पोरांनाही कळेल.

आम्ही पालकही फी आणि बॅचची वेळ तेवढी विचारतो. भूमिका कशा वाटता, हे मीही कधी विचारलं नव्हतं. ती मैत्रीण या महिन्यात क्लासला आलेली नाही.

– एक पालक, नागपूर