पंखाच्या बुडाची फट

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्लास्टिकच्या मॉडेल विमानाचे फोटो मोठे करून पाहिले. बांधणी नेटकी झालीय, पण डावा पंख धडाला मिळतो तिथली फट खरंच मोठी आहे. ती बुजवायला कुठली पुट्टी घेऊ, असं विचारलंस. पंख अजून चिकटवला नसशील तर आधी नुसताच लावून बघ. पुष्कळदा साच्यातून आलेली बारीक कड आत अडत असते; ती खरवडली की निम्मी फट तिथेच मिटते. उरलेल्या जागेत प्लास्टिकच्या पातळ पत्र्याची पट्टी सरकव आणि कडेने पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणारा गोंद, सोड. प्लास्टिकला प्लास्टिक मिळालं की तो सांधा पुढे खचत नाही. पुट्टी त्यानंतरच्या उरल्यासुरल्यासाठी.

पुट्टी म्हटलं की तामिया कंपनीची राखाडी ट्यूब सगळ्यांच्या तोंडी असते. ती सॉल्व्हंटवर, म्हणजे उडून जाणाऱ्या द्रावकावर, चालते. प्लास्टिकचा वरचा थर किंचित विरघळवते म्हणून घट्ट धरते, पण सॉल्व्हंट उडालं की आक्रसते. एकदम जाड भरलीस तर वरून सुकलेली दिसेल आणि आत ओलीच राहील. तू घासून, रंगवून मोकळी होशील, आणि मग कधीतरी नेमकी सांध्यावर खाच उमटेल. जाड थराने पातळ प्लास्टिक मऊ पडतं ते वेगळंच. पातळ थर द्यायचा, रात्रभर ठेवायचा, मग पुढचा. आणि खिडकी उघडी ठेवून, हे बजावून सांगतो.

केसाएवढ्या रेषेला ट्यूब काढायचीही गरज नाही. मिस्टर सर्फेसर ५०० हे दाट प्रायमर ब्रशने लावलं की भागतं. त्यातलंच १००० नंबरचं त्याहून पातळ, ते ओरखड्यांसाठी.

मोठ्या खड्ड्याला मात्र मिलिपुटसारखी दोन भागांची इपॉक्सी पुट्टी. दोन्ही भाग सारखे घेऊन नीट मळायचे. ती जवळपास आक्रसत नाही. पण वाळली की प्लास्टिकहून कडक होते, घासायला गेलं की भोवतालचं प्लास्टिकच आधी झिजतं. म्हणून ओली असतानाच पाण्याच्या बोटाने गुळगुळीत करून घ्यायची.

तुझ्या पंखाला यातली कुठलीच पुट्टी नको. तिथे पाण्यावर चालणारी अॅक्रिलिक पुट्टी घे, व्हॅलेहो कंपनीची चालेल. नळीच्या टोकाने फटीत भरायची आणि लगेच ओल्या कापूसकाडीने वरची पुसून टाकायची. घासणं नाही, त्यामुळे शेजारचे रिवेट शाबूत राहतात. बऱ्याच खऱ्या विमानांतही पंखाच्या बुडाशी रेषा असतेच, तेव्हा ती पुरती बुजवण्याचा अट्टाहास कशाला? शिवाय टपालाने पाठवायची तर हीच बरी. सॉल्व्हंटची ट्यूब ज्वलनशील, विमानाच्या टपालात चालत नाही. पाण्यावरच्या पुट्टीची एक ट्यूब पाठवतोय.

धडाच्या पाठीवरचा सांधा वेगळा. तो दिसताच कामा नये, आणि त्याला आडव्या जाणाऱ्या पॅनेल रेषा, म्हणजे पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या खाचा, तुला पुन्हा कोराव्या लागतील. अॅक्रिलिक पुट्टी कोरताना भुगा होऊन निघते. तिथे सुपरग्लू वापर. भरला की तासाभरात घासून घे, दुसऱ्या दिवशी तो प्लास्टिकहून कडक झालेला असतो. थोडी टाल्कम पावडर मिसळलीस तर घासायला सोपा जातो. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लाव, आधी ४००चा पॉलिशपेपर, मग ६००, शेवटी १०००. पाणी लावूनच घास, म्हणजे धूळ उडणार नाही.

बोट फिरवून गुळगुळीत लागतं यावर विसंबू नकोस. राखाडी प्रायमरचा एक हलका हात दिलास की राहिलेली खोट आपोआप दिसते. तो दिल्यावर, रंगाला हात घालण्याआधी, दोन्ही सांध्यांचे फोटो पाठव. उजेड आडवा पडू दे, समोरून नको.

आई-बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
काका