दृष्टिपटलातले रहिवासी आणि पाहुणे

इंदूर

प्रिय शरद,

सप्रेम नमस्कार. तुझी विद्यार्थिनी बडोद्याला दृष्टिपटलाच्या इजेतल्या प्रतिकारपेशींवर काम सुरू करतेय, हे वाचून फार आनंद झाला. तिला एक गोष्ट आधीच सांग: मायक्रोग्लिया (मेंदूतल्या आणि दृष्टिपटलातल्या रहिवासी प्रतिकारपेशी) आणि रक्तातून आलेले मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) यांची गल्लत झाली, की पुढचं सगळं काम वाया जातं.

मायक्रोग्लिया गर्भावस्थेतच मेंदूत आणि दृष्टिपटलात येऊन वस्ती करतात. मोनोसाइट अस्थिमज्जेत जन्मभर तयार होत राहतात. दोघांची कामंही वेगळी. मिखाल श्वार्ट्झ यांच्या गटाने २०११ मध्ये ग्लुटामेटने (जास्त झाल्यास चेतापेशींना मारक ठरणाऱ्या रसायनाने) इजा केलेल्या दृष्टिपटलात दाखवलं, की मोनोसाइट कमी केले तर गँग्लियॉन पेशी (मेंदूकडे संदेश नेणाऱ्या चेतापेशी) जास्त मरतात आणि बाहेरून दिले तर जास्त वाचतात. मला हे काम फार मोलाचं वाटतं. मात्र मज्जारज्जूच्या इजेत माणसांना मॅक्रोफेज (मोनोसाइटपासून बनणाऱ्या पेशी) टोचण्याची चाचणी झाली, तिच्यात फायदा दिसला नाही. म्हणूनच कोणती पेशी, कधी, हे नेमकं कळायला हवं.

अडचण अशी, की इजेनंतर दोघी सारख्याच दिसतात. आयबीए१ या प्रथिनासाठीचा रंग दोघींनाही रंगवतो. पृष्ठभागावरचं सीडी४५ हे प्रथिन कमी तर मायक्रोग्लिया, जास्त तर मोनोसाइट, हा नियम निरोगी ऊतीत चालतो. चेतलेल्या मायक्रोग्लियावर सीडी४५ वाढतं आणि ऊतीत मुरलेल्या मोनोसाइटवरचं एलवाय६सी, म्हणजे त्यांच्या ओळखीचं प्रथिन, ओसरतं. त्यापेक्षा सीएक्स३सीआर१-क्रीईआर आणि टीडीटोमॅटो ही जनुकं घातलेले उंदीर घ्या; टॅमॉक्सिफेन हे औषध दिलं, की त्यांच्या मायक्रोग्लियावर आणि मोनोसाइटवर लाल खूण उमटते. टॅमॉक्सिफेननंतर निदान चार आठवडे थांबायचं, मगच इजा करायची. तोवर रक्तातले खूण झालेले मोनोसाइट संपून बिनखुणेचे नवे येतात, मायक्रोग्लियावरची खूण टिकते. घाई केली तर दोन्ही लाल.

फ्लो सायटोमेट्रीसाठी (सुट्या पेशी यंत्रातून एकेक मोजण्यासाठी) डोळे काढण्याआधी हृदयातून थंड पीबीएस (क्षारांचं द्रावण) सोडून रक्त धुवायचंच, नाहीतर केशवाहिन्यांत अडकलेले मोनोसाइटही ऊतीत शिरलेले म्हणून मोजले जातात. पेशी सुट्या करायला ट्रिप्सिन हे विकर नको, ते पृष्ठभागावरची प्रथिनं तोडतं. आणि ३७ अंशांवर फार वेळ ठेवलं तर मायक्रोग्लिया त्यानेच चेततात.

गँग्लियॉन पेशी मोजताना नुसतं डॅपी (सगळ्याच पेशींची केंद्रकं रंगवणारा रंग) चालत नाही. उंदरात त्या थरातल्या साधारण निम्म्या पेशी अमाक्राइन, म्हणजे वेगळ्याच प्रकारच्या चेतापेशी, असतात. गँग्लियॉन पेशींची खूण असलेल्या आरबीपीएमएस प्रथिनाचा रंग लावा. दृष्टिपटलाला चार चिरा देऊन ते सपाट पसरा आणि मध्यापासून कडेपर्यंत मोजा, कारण कडेला पेशी विरळ होत जातात.

उंदीर कधी येणार ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मोहन