दप्तरखान्याचा शब्द चालू द्या

माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

पुतणीच्या जात पडताळणीसाठी मी तीन दिवस एका तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये बसलो. आजोबांच्या गावची 1931 ची कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची वही, हवी होती. कागद बांधून ठेवलेला बस्ता सोडताना त्याचं कापड हातातच फाटलं. वही सापडली. पणजोबांचं नाव शाबूत, गाव शाबूत, आणि जातीच्या रकान्यात वाळवीनं पाडलेलं बोटभर भोक. लिपिकही हळहळला. त्याच्याकडं आणखी दोन टेबलांचं काम होतं, त्याला तरी काय बोलणार?

मुंबईत 1821 साली सुरू झालेलं आपलं अभिलेखागार आज राज्याचं पुराभिलेख संचालनालय आहे. पुण्याचं पेशवे दप्तर त्याच्याकडं, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगरला शाखा, आमच्या नागपुरातही शाखा. आकार वाढला, पण शब्दाला वजन आलं नाही. कार्यालयात कपाटं ओसंडली की मगच या खात्याची आठवण होते. तोवर काय ठेवायचं आणि काय रद्दीत घालायचं, हे ठरून गेलेलं असतं.

2023 मध्ये मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि एकाएकी जुन्या कागदांवरची मोडी लिपी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. या कागदांवर लोकांचे दाखले, शिक्षण, नोकऱ्या अवलंबून आहेत हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. मग ती निकड समितीपुरतीच का असावी?

महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 चा आहे. त्याला धरून एवढंच करा: कोणत्याही कार्यालयातलं जुनं रेकॉर्ड नष्ट करण्याआधी पुराभिलेख विभागाच्या माणसानं ते पाहिलंच पाहिजे, आणि त्याचा नकार बंधनकारक असावा. त्यासाठी जिल्ह्याला एक तरी जाणता माणूस आणि मोडी वाचक द्या. स्कॅनिंगची घाई नंतर करा, आधी सूची होऊ द्या. सूचीशिवाय स्कॅन केलेली दहा हजार पानं म्हणजे पुन्हा बांधून ठेवलेला बस्ताच.

नागपूर 1861 पासून मध्य प्रांताची राजधानी होतं. 1956 साली राजधानीपण गेलं, पण त्या कारभाराचे किती तरी कागद अजून इथल्याच कपाटांत आहेत.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण येताच. अर्धा तास काढून एखाद्या तहसिलीची रेकॉर्ड रूम बघा, आधी न कळवता. एखादा बस्ता स्वतः सोडून बघा.

आपला,
महालातला एक नागपूरकर