गोळ्या फुकट आहेत, दुसऱ्या तपासणीसाठी हात पुढे करा

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पर्वती पायथा, दत्तवाडी, दांडेकर पूल या भागात आपल्या मंडळाच्या हिमोग्लोबिन शिबिराची ओळख करून द्यायची गरज उरलेली नाही. त्याचे श्रेय आधी द्यायचे ते चौकातल्या औषध दुकानाच्या काकांना. हिमोग्लोबिन मोजायच्या यंत्राच्या पट्ट्यांवर एक पैसा नफा न घेता, मुदतीची तारीख स्वतः तपासून त्यांनी माल दिला. निवृत्त सिस्टरबाईंनी आपल्या मुलींना बोट टोचायला शिकवले, आणि असे शिकवले की आता कुणी बोट पिळत नाही. स्पिरिट पुरते वाळू द्यायचे, मधल्या किंवा अनामिकेच्या कडेला टोचायचे, पहिला थेंब पुसायचा आणि दुसरा आपसूक येऊ द्यायचा. पिळले की पेशींभोवतीचे पाणी रक्तात मिसळते, आकडा खोटाच खाली येतो आणि धडधाकट बाई घाबरून घरी जाते. मंडईतल्या मावशींनी लिंबाची गोणी दिली आणि पैशांचे नाव काढले की रागावल्या. आशाताईंचे तर किती सांगावे! आमची नावे छापायची नाहीत, असे सगळ्यांनीच बजावले आहे. चौकाला ती ठाऊक आहेतच.

आता यंदाचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या ४८ टक्के स्त्रियांना २०१५-१६ मध्ये रक्तक्षय, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी, होता. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ५४.२ टक्के झाले. देशाचा आकडा ५३.१ वरून ५७ वर गेला. हे सगळे गोळ्या फुकट मिळत असताना! ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची लाल गोळी सरकारी दवाखान्यात मिळते. अडते ती घरी गेल्यावर. रिकाम्या पोटी घेतली की मळमळते, शौचाला काळे होते, पोट गच्च होते, आणि पाकीट फडताळात जाते. काळे होणे हे गोळीचेच लक्षण, त्यात भिण्यासारखे काही नाही, एवढे कुणी वेळेवर सांगितले तरी निम्मे काम होते. मळमळत असेल तर गोळी जेवणानंतर घ्यावी. चहा तासभर आधीही नको, नंतरही नको. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू. बिटाच्या लाल रंगाने रक्त वाढत नाही. अळिवाचे लाडू जरूर खावेत, पण आकडा नऊवर असताना नुसत्या लाडवांवर भागत नाही.

म्हणून यंदा ३०० जणींची प्रत्येकी तीनदा तपासणी करायची आहे: पहिली, महिन्याने दुसरी, तीन महिन्यांनी तिसरी. गोळी नीट पोटात जात असेल तर महिन्यात हिमोग्लोबिनमध्ये साधारण एक ग्रॅम वाढ दिसते. दिसली नाही तर गोळी चुकते आहे, पाळीत फार रक्त जाते आहे, जंत आहेत, बी-१२ कमी आहे किंवा थॅलेसेमियाचा (आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा) वाहकपणा आहे, यातले काय ते डॉक्टरांनी शोधायचे. वाहक बाईला लोहाची कमतरता नसेल, तर वर्षानुवर्षे लोह देऊन काही साधत नाही. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्तक्षय, गरोदरपणी ११ च्या खाली. आठच्या खाली (गरोदर असल्यास सातच्या खाली) आकडा आला, तर आपली ताई त्याच दिवशी बाईला घेऊन रुग्णालयात जाईल. आकडा १२ च्या वर गेला म्हणून गोळ्या लगेच थांबवायच्या नसतात. शरीरातला लोहाचा साठा भरायला आणखी काही महिने लागतात. तिसरी तपासणी त्यासाठीही हवी.

थोडे मनातले. शिबिराच्या फ्लेक्ससाठी न मागता तीन देणगीदार येतात. दुसऱ्या तपासणीला फोटो निघत नाही, तेव्हा मागच्या खेपेला दारोदार फक्त ‘बघू’ ऐकले. गणपतीच्या रोषणाईला हाच परिसर हात आखडत नाही. वर्गणी तिथेही द्यावीच. पण ज्यांच्या बोटातून एकदा रक्त काढले, त्यांना दुसऱ्यांदा बोलवायलाच पैसे नाहीत, हे आम्ही कोणत्या तोंडाने सांगायचे?

हवे ते असे: पट्ट्या व लॅन्सेट (बोट टोचायच्या सुया) प्रत्येकी १००० (९०० लागतील, बाकी वाया जाणाऱ्या), कापूस, स्पिरिट, सुया टाकायला न भोसकणारे पांढरे डबे, पिवळ्या व लाल पिशव्या. रविवारी सकाळी दोन तास देणारे लॅब टेक्निशियन. फोनवर आठवण करणाऱ्या पाचसहा जणी, दुपारी वेळ असलेल्या. पहिली फेरी कोजागरीनंतरच्या रविवारी. पट्ट्यांची मागणी दसऱ्याआधी नोंदवावी लागेल, म्हणून पैसे घटस्थापनेपर्यंत. रोख किंवा मंडळाच्या नावे चेक, कार्यालयात संध्याकाळी ६ ते ८, पावती मागून घ्यावी. वस्तुरूपाने देणाऱ्यांनी आधी यंत्राचा मेक विचारावा, एकाची पट्टी दुसऱ्याला चालत नाही. उघडलेल्या बाटलीतल्या पट्ट्या कृपया आणू नयेत, दमट हवेने त्या खराब होतात.

आपली,
कार्यवाह